चाकारोव मास्तरांच्या घरातली ऊर्जा

माणसाच्या आळसाचं खापर भिंतींवर फोडता येतं, हे मेतोदी चाकारोव मास्तरांना वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं. ज्येष्ठांच्या मंडळात एका गुरुवारी वार्नाहून आलेल्या एका बाईंचं ‘रंगांचं मानसशास्त्र आणि आपलं घर’ या विषयावर व्याख्यान होतं. बाकीची पंचवीसएक मंडळी बिस्किटांसाठी आली होती. मास्तर वही घेऊन आले होते. एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस रिकाम्या हाताने कुठल्याही खोलीत शिरत नाही.

बाई म्हणाल्या, पिवळा रंग माणसाला कामाला लावतो, निळा शांत झोपवतो, लाल भूक वाढवतो आणि नारिंगी उत्साह देतो. मातकट, उदी, मळखाऊ रंगांच्या घरात माणूस हळूहळू फर्निचर होतो.

हे शेवटचं वाक्य मास्तरांनी दोनदा अधोरेखित केलं. कारण नाताळात सोफियाहून आलेली त्यांची मुलगी रालित्सा हेच बोलली होती. “बाबा, या घरात पाऊल टाकलं की जांभई येते. तुम्ही दोघं इथे नुसते बसून म्हातारे होताय. आमच्याकडे या ना राहायला, एक खोली मोकळीच आहे.” मुलगी प्रेमाने बोलली होती, हे मास्तरांना कळत होतं. पण प्रेमाने मारलेला दगडही लागायचा तिथेच लागतो. ज्या माणसाने हजारभर पोरांना बाल्कन पर्वतापलीकडचं जग दाखवलं, त्याला कुणीतरी ‘मोकळ्या खोलीत’ ठेवणार, ही कल्पनाच त्यांना चार महिने जाचत होती. आता कळलं. दोष आपल्यात नाहीच, भिंतींत आहे.

घरी येऊन त्यांनी रायनाला, म्हणजे बायकोला, समोर बसवून अर्धं व्याख्यान पुन्हा दिलं.

“स्वयंपाकघर पिवळं, झोपायची खोली निळी, जेवायची जागा लाल, आणि गॅलरी नारिंगी,” त्यांनी समारोप केला. “घरात ऊर्जा खेळली पाहिजे, रायना. ऊर्जा!”

रायना वांगी भाजत होती. ती म्हणाली, “खेळू दे. पण फरशीवर रंग सांडलास तर पुसायचा तू.”

इतकी बिनशर्त परवानगी मास्तरांना लग्नापासून आजवर मिळाली नव्हती.

मास्तर राहत ते घर दान्यूबकाठच्या शहरातल्या एका सातमजली, काँक्रीटच्या तयार भिंती जोडून उभ्या केलेल्या इमारतीत होतं. त्यांच्या जिन्यावर चोवीस घरं. अशा इमारतीत एका घरात शिंक आली की तीन मजल्यांवरून ‘शतायुषी व्हा’ ऐकू येतं. त्यामुळे मास्तर रंग लावणार ही बातमी रंगाच्या डब्यांच्या आधी वर पोचली.

पहिले आले तळमजल्यावरचे गेंचो. गेंचोंची सगळी नोकरी सरकारी कुक्कुटपालनात गेली होती, आणि मानवजातीबद्दलची त्यांची सगळी मतं तिथेच बनली होती.

“मास्तर, रंगाचं मला विचारा,” ते म्हणाले. “लाल दिव्याखाली कोंबड्या एकमेकींना टोचत नाहीत. आमच्याकडे बारा हजार होत्या. सगळ्या गुण्यागोविंदाने.”

“पण बाई म्हणाल्या, लालने भूक वाढते.”

“वाढेल ना! भांडण नाही म्हटल्यावर खातीलच. तुम्ही लाल लावाच. वहिनी टोचायच्या बंद होतील.”

“मी आत आहे हं, गेंचोभाऊ,” रायना आतून म्हणाली.

रंगारी अस्पारुख हा दुसरा अडथळा. हा माणूस वीस वर्षं घरं रंगवत होता आणि वीस वर्षांत त्याने एकच रंग लावला होता: पीच. त्याच्या मते पीच हा रंग नव्हता, संस्कार होता. मास्तरांची यादी त्याने डॉक्टरने वाईट रिपोर्ट वाचावा तशी वाचली.

“मास्तर, पीच लावू या,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुमच्या वरच्यांकडे पीच आहे, खालच्यांकडे पीच आहे. मध्येच तुम्ही असं… म्हणजे लोक विचारतील, अस्पारुखने हे काय केलं?”

“लोकांना माझ्याकडे पाठवा. मी समजावून सांगेन.”

“तेच तर. मला वेळ नसतो, तुम्हाला असतो,” अस्पारुख म्हणाला, आणि लाल रंगाचा डबा उघडताना त्याने तोंड फिरवलं.

आठ दिवसांत काम झालं. आता शास्त्राचा पडताळा घ्यायचा होता. मास्तरांनी वहीत निरीक्षणं टिपायला सुरुवात केली. पिवळ्या स्वयंपाकघरात रायना सकाळी साडेपाचलाच चीजच्या बानित्सासाठी पातळ पोळ्या लाटू लागली. ‘पिवळा यशस्वी,’ मास्तरांनी लिहिलं. (रायनाचं म्हणणं, रंगाच्या वासाने झोप लागत नव्हती.) लाल रंगाच्या जेवायच्या जागेत गेंचो सहज डोकावायला आले आणि बोलता बोलता सार्मीचं पातेलं साफ करून गेले. कोबीच्या पानांत गुंडाळलेले अठ्ठावीस सार्मी! ‘लाल अतियशस्वी.’ निळ्या खोलीत मात्र जरा गडबड झाली. तिथे झोप लागण्याऐवजी थंडी वाजू लागली. मे महिन्यात मास्तरांनी लोकरीचे मोजे चढवले. भिंत इतकी गार, की पाठ टेकवेना. ‘निळ्या रंगाचा शरीरावर होणारा परिणाम,’ मास्तरांनी अभिमानाने नोंदवलं, ‘अपेक्षेहून प्रबळ.’

आणि गॅलरी! तिच्यात उभं राहिलं की मास्तरांना स्वतःलाच सलाम ठोकावासा वाटे. काचेची तावदानं, आत नारिंगी भिंत, आणि संध्याकाळचं ऊन थेट तिच्यावर. रस्त्यावरून जाणारी ट्रॉलीबस थांब्यावर थांबली की लोक माना वर करून बघत. मास्तर त्यांना हात करत.

चौथ्या संध्याकाळी दारावर थाप पडली. स्लावका मावशी. त्या मास्तरांपेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठ्या, पण सगळा जिना त्यांना मावशीच म्हणे. तेवीस वर्षं त्या जिन्याच्या सेक्रेटरी होत्या, आणि त्याआधी ट्रॉलीबसमध्ये तिकीट तपासनीस. त्यांनी कुणाकडे नुसतं बघितलं तरी समोरचा माणूस खिसे चाचपू लागे.

“मास्तर, माझ्या झोपायच्या खोलीत आग लागलीय,” त्या म्हणाल्या.

मास्तर दचकले. “अरे देवा! अग्निशमन…”

“तुमच्या गॅलरीची. इमारत कोपऱ्यात वळते, माझी खिडकी तुमच्या समोर. रोज सात वाजले की तुमची नारिंगी माझ्या छतावर. मला वाटलं, माझं बोलावणं आलं.”

“मावशी, तो उत्साहाचा रंग आहे.”

“मला एकाहत्तर पूर्ण झालीत. मला उत्साह नकोय, झोप हवीय. बाहेरून दिसणारा रंग बदलायचा तर नगरपालिकेचा कागद लागतो. आहे?”

नव्हता. एकतीस वर्षं मुलांना ‘परवानगी घेऊन वर्गाबाहेर जा’ म्हणून सांगणाऱ्या माणसाकडे परवानगी नव्हती. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या गॅलरीच्या रंगाच्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सूट, टाय आणि पॉलिश केलेले बूट घालून ते नगरपालिकेत गेले. सहा नंबरच्या खिडकीतल्या बाईंना म्हणाले, “मला घरातली ऊर्जा वाढवण्याच्या कामासाठी रीतसर कागद हवा आहे.”

“ऊर्जा? अकरा नंबर.”

अकरा नंबरच्या खिडकीवर एक चष्मेवाला गृहस्थ इतका एकटा बसला होता, की मास्तरांना बघून तो उठून उभा राहिला.

“ऊर्जेसाठी आलात?” त्याने विचारलं. “खरंच? बसा, बसा! एका घराची की सगळ्या इमारतीची?”

इथे मास्तरांनी फक्त ‘एका घराची’ म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण शिक्षकाला प्रश्न विचारावा आणि त्याने एका शब्दात उत्तर द्यावं, असं पृथ्वीतलावर कुठे घडत नाही. ते घसा खाकरून म्हणाले, “साहेब, एकट्याच्या घराची ऊर्जा ती काय! सुरुवात एका घरापासून होते, पण लाभ सगळ्या इमारतीला व्हायला हवा.”

त्या गृहस्थाचे डोळे भरून यायचे तेवढे राहिले. “असे नागरिक हवेत हो,” म्हणत त्याने सात पानी अर्ज पुढे केला. मजले किती, घरं किती, बांधणीचं वर्ष, छताचा प्रकार. गॅलरीच्या रंगासाठी छताची चौकशी कशाला, असा प्रश्न मास्तरांना पडला, पण प्रश्नपत्रिकेतला रकाना रिकामा सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी सातही पानं सुवाच्य अक्षरात भरली, ‘अर्जदार’ या शब्दापुढे झोकदार सही केली, शिक्का घेतला आणि घरी येऊन तो कागद स्लावका मावशींच्या नाकासमोर धरला.

मावशींचा चष्मा त्यांच्या घरीच राहिला होता. त्यांना शिक्का तेवढा दिसला. “बरं,” म्हणून त्या गेल्या. त्या रात्री मास्तरांनी जेवताना राकिया दारूचा एक पेला जास्त घेतला आणि रायनाला कागदाचं मोठ्याने वाचन करून दाखवलं. म्हणजे फक्त शिक्क्याचं.

दहा दिवसांनी इमारतीसमोर एक गाडी थांबली. तिच्यातून हेल्मेट घातलेली दोन माणसं आणि गळ्यात जाडजूड कॅमेरा अडकवलेली एक तरुण इंजिनिअर उतरली.

“चाकारोव कोण? या इमारतीच्या ऊर्जा नूतनीकरणाचे अर्जदार?”

मास्तर गॅलरीत होते. वरून खाली बघताना त्यांनी ते शब्द स्वतःशीच पुन्हा उच्चारले. ऊर्जा नूतनीकरण म्हणजे ती सरकारी योजना. बाहेरून भिंतींना जाड अस्तर, नवी तावदानं, नवं छत, हिवाळ्यात कमी सरपण, कमी वीज. म्हणजे ‘आमच्या गॅलरीला नारिंगी रंग लावू द्या’ म्हणण्याऐवजी आपण सगळी इमारतच सरकारच्या हवाली केली!

खाली जाऊन ‘माफ करा, चूक झाली’ म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं. चार मजले उतरताना वाक्यही जुळवलं होतं. पण खाली पोचेपर्यंत अर्धा जिना जमला होता आणि इंजिनिअरबाईंनी कॅमेऱ्याचा पडदा सगळ्यांसमोर धरला होता. त्या पडद्यावर इमारत दिसत होती, पण राखाडी नव्हे. लाल, पिवळी, नारिंगी, निळी, जांभळी. एखाद्या लहान मुलाने रंगपेटी उपडी करावी तशी.

“जिथे लाल-पिवळं दिसतंय तिथून उष्णता बाहेर पळतेय,” बाई म्हणाल्या. “आतून हाच कॅमेरा लावला, की गार जागा निळ्या दिसतात.”

मास्तर पुढे सरकले. हे तर त्यांचंच क्षेत्र! रंगांवरून उंची, पाऊस, तापमान वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. माफीचं वाक्य मागेच राहिलं. त्यांनी कुणाची तरी छत्री घेतली आणि पडद्याकडे टोक करून सुरू केलं, “हे बघा, ही तांबडी रेघ. दोन तयार भिंतींमधला सांधा. इथून तुमची पूर्ण जानेवारीची ऊब बाहेर जाते. गेंचोभाऊ, ही तुमची खिडकी.”

“अगं बाई, आपली तर भट्टी आहे!” गेंचोंची बायको ओरडली. “आणि हा माणूस मला म्हणतो, तुला थंडी वाजते कारण तू काम करत नाहीस!”

मग जो तो आपली भिंत बघायला पुढे घुसू लागला. वर गेल्यावर मास्तरांच्या झोपायच्या खोलीत कॅमेरा लावला. कपाटाच्या बाजूची भिंत पडद्यावर गडद निळी-जांभळी झाली. कपाट सरकवलं, तर मागे ओल.

“किती वर्षं इथे झोपताय?” इंजिनिअरबाईंनी विचारलं.

“बत्तीस,” रायना म्हणाली. “पण थंडी आम्ही नवीन रंगानंतर मोजायला लागलो.”

‘निळ्या रंगाच्या परिणामा’ची वही मास्तरांनी हळूच पाठीमागे धरली.

जाताना बाई म्हणाल्या, “इमारत योजनेत बसते. पण या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत चोवीसपैकी अठरा मालकांच्या सह्या हव्यात. नाही तर पुढची फेरी कधी, सांगता येत नाही.”

दार लावल्यावर मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. सहा नंबर, अकरा नंबर, ते भाषण, ती सात पानं. रायना खुर्चीत बसली आणि पदर नसल्यामुळे तिने अॅप्रन तोंडात कोंबला. ती इतकी हसली, की पिवळ्या स्वयंपाकघराचं खरोखर सार्थक झालं.

“उद्या जाऊन अर्ज मागे घेतो,” मास्तर कोरड्या आवाजात म्हणाले.

ती हसायची थांबली. “खबरदार. बत्तीस वर्षं मी त्या भिंतीशी झोपतेय. चुकून का होईना, एक काम बरोबर झालंय. आता ते मुद्दाम पूर्ण कर.”

सोमवार ते गुरुवार मास्तर जिना चढले आणि उतरले. लिफ्ट मंगळवारी बंद पडली, ती शुक्रवारी संध्याकाळी सुरू झाली. लिफ्टलाही वेळेची जाण असते. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना वाटलं, मास्तर निवडणुकीला उभे आहेत. त्यांनी ‘मत देणार नाही’ म्हणून दार लावलं आणि मग ‘सही हवी असेल तर देतो’ म्हणून उघडलं. तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं स्पेनमध्ये ट्रक चालवत होतं. त्यांचं मुखत्यारपत्र शहराबाहेरच्या एका गावातल्या मावसभावाकडे, आणि मावसभाऊ मधमाश्यांच्या पेट्यांत. मास्तर तिथवर बसने गेले, दोन डंख आणि एक सही घेऊन आले. गेंचोंनी सही द्यायला तीन वेळा टाळाटाळ केली. शेवटी त्यांच्या बायकोने त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवून सांगितलं, “आधी सही, मग सूप.” कुक्कुटपालनाचा अनुभव दोघांनाही होता.

गुरुवारी संध्याकाळी सतरा सह्या झाल्या. उरलेल्या सात घरांपैकी सहा बंद होती. सातवं दार स्लावका मावशींचं.

मास्तरांनी ते दार मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. मनात एक भाषण तयार होतं: नागरिकांचं कर्तव्य, पुढच्या पिढ्या, वगैरे. मावशींनी दार उघडलं, कागद बघितला आणि म्हणाल्या, “नाही.”

“मावशी, तुमच्या एका सहीने…”

“तेवीस वर्षं या जिन्याचे दिवे मी बदलते, मास्तर. पाण्याची टाकी मी धुऊन घेते. आणि सगळ्या इमारतीचं एवढं मोठं काम, ते मला तीन परक्या माणसांच्या तोंडून कळतं? तुम्हाला वाटलं, म्हातारीला काय विचारायचं. बसली असेल कोपऱ्यात.”

त्यांचा आवाज शेवटी जरा चिरकला. मास्तरांच्या हातातला कागद खाली आला. ही भाषा त्यांच्या ओळखीची होती. नाताळापासून तेही मनातल्या मनात मुलीला अगदी हेच सुनावत होते. भाषण जिथल्या तिथे विरघळलं.

“मावशी, मी कुणालाच विचारलं नाही,” ते म्हणाले. “कारण मला स्वतःलाच माहीत नव्हतं. मी गेलो होतो गॅलरीच्या रंगाची परवानगी मागायला. तुम्ही पाठवलंत म्हणून. तिथे मी ‘ऊर्जा, ऊर्जा’ करत बसलो, आणि त्यांनी मला चुकीच्या खिडकीवर पाठवलं. नाही, त्यांनी बरोबर खिडकीवर पाठवलं, चुकीचा माणूस मी होतो. तो शिक्क्याचा कागद… तो गॅलरीचा नव्हताच.”

सेवानिवृत्त भूगोल शिक्षक चाकारोव यांनी आयुष्यात प्रथमच एखाद्या प्रश्नाचं उत्तर ‘मला माहीत नव्हतं’ असं दिलं होतं. ते मान खाली घालून उभे राहिले.

मग दाराची कडी खुळखुळू लागली. मावशी कडीला धरून हसत होत्या. “म्हणजे… तुम्ही त्या गॅलरीसाठी… टाय लावून…” त्यांना खुर्ची द्यावी लागली. पाणी द्यावं लागलं. डोळे पुसत त्यांनी चष्मा लावला, सगळी सात पानं नीट वाचली आणि सही केली.

“हे जिन्यात कुणाला सांगू नका,” त्या म्हणाल्या.

“पण सत्य…”

“कसलं सत्य! हुशार माणसाने आणलेला कागद म्हणून लोकांनी सह्या केल्यात. शुक्रवारी बारापर्यंत तरी हुशार राहा.”

मास्तर शुक्रवारी सव्वा नऊलाच अकरा नंबरच्या खिडकीवर हजर झाले.

योजनेत घेतलेल्या इमारतींची यादी सप्टेंबरात लागली. त्यांची इमारत तिच्यात दुसरी होती. अंगणात लिंडनच्या झाडाखाली टेबलं मांडली गेली, कुणी पेयं आणली, कुणी भाजलेल्या मिरच्या, आणि स्लावका मावशी भाषणाला उभ्या राहिल्या.

“मंडळी,” त्या म्हणाल्या, “हे सगळं मास्तरांनी आणि मी मिळून वर्षभर आधी ठरवलं होतं.”

मास्तरांचा घास अडकला. रायनाने त्यांच्या पाठीत धपाटा घातला. तो घास उतरण्यासाठी होता की गप्प बसण्यासाठी, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

“मास्तर पुढे गेले, मी मागून लक्ष ठेवलं,” मावशी पुढे बोलल्या. “आता माझे गुडघे जिना मागतात तेवढे चढत नाहीत. आजपासून जिन्याची वही आणि किल्ल्या मास्तरांकडे. कुणाला काही म्हणायचंय?”

सेक्रेटरी होण्याच्या धोक्यातून सुटलेल्या तेवीस घरांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला, की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्यांत आले. मास्तर उभे राहिले. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं, पण किल्ल्यांचा जुडगा फारच जड होता. ते एवढंच म्हणाले, “जिना स्वच्छ ठेवत चला.” त्या दिवसापर्यंतच्या त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत छोटं भाषण, आणि टाळ्या मात्र त्यालाच सर्वांत जास्त पडल्या.

ऑक्टोबरात इमारतीला लोखंडी नळ्यांची परांची लागली आणि कामगार माकडांसारखे वरखाली करू लागले. एका दुपारी सोफियाहून फोन आला. रायनाने तो स्वयंपाकघरात घेतला.

“आई, खोली झाडून ठेवलीय,” रालित्सा म्हणाली. “हिवाळ्याच्या आत येताय ना? बाबा काय म्हणतात? बरे आहेत ना? दिवसभर नुसते बसून असतील.”

रायनाने दारातून गॅलरीकडे बघितलं. तिचा नवरा कंबरेला किल्ल्या लटकावून, अर्धा बाहेर वाकून उभा होता. गेंचो खालून वर काहीतरी ओरडत होते, वरून आजोबा खाली ओरडत होते, आणि दोघांचंही ओरडणं त्याच्याच नावाने चाललं होतं.

“येऊ गं, दोन दिवस येऊन जाऊ,” रायना म्हणाली. “पण त्यांना विचारून सांगते. चोवीस घरांची सोय लावून निघावं लागतं त्यांना.”

“चोवीस घरांची? आई, हा आवाज कसला? बाबा कुणावर ओरडतायत?”

“कुणावर नाही, काम करतायत,” रायना म्हणाली, आणि लेकीला नीट ऐकू जावं म्हणून तिने फोन गॅलरीच्या दिशेने धरला.

“अहो, ती शिडी डावीकडे घ्या!” मास्तर गरजत होते. “तुमच्या डावीकडे नाही, माझ्याही नाही! पश्चिमेला! पश्चिम कुठे ते माहीत नाही? थांबा, मी खाली येतो!”